कंट्रोलचा तुकडा

मी वर्ध्यातल्या एका खासगी लॅबमध्ये काम करते. पेशंटच्या अवयवाचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. यकृतात लोह साचलं असेल तर एका रंगात ते निळं दिसतं. रंग नीट लागतोय ना, हे कळायला दर वेळी लोह असलेल्या एखाद्या जुन्या तुकड्याचा कापही सोबत रंगवावा लागतो. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. सहा वर्षं आमचा कंट्रोलचा ठोकळा एकच होता. त्यावर फक्त नंबर होता.

मागच्या उन्हाळ्यात बोरगाव मेघेहून एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलीच्या यकृतात लोह सापडलं होतं. बायको तशाच दुखण्यानं गेलेली. नागपूरच्या डॉक्टरांनी बायकोचा जुना ठोकळा मागवला होता. गृहस्थांनी प्लास्टिकच्या पिशवीतून तिचा रिपोर्ट काढून दिला. वरचा नंबर आमच्या कंट्रोलचाच होता.

काप घेऊन घेऊन ठोकळ्यात जवळजवळ मेणच उरलं होतं. आमच्या सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, रंगवलेल्या काचा देऊन टाक, जास्त बोलू नकोस. मी काचांचा डबा आणून टेबलावर ठेवला.

"इतक्या काऊन हो, ताई?" त्यांनी विचारलं.

नियम आहे, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. पण मी सगळं सांगितलं. त्यांनी एक काच उचलून खिडकीकडे धरली.

"तिले इचारलं होतं का कोणी?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्हालाही नाही."

त्यांनी वहीत सही केली, डबा खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधला आणि गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

महिनाभरानं त्यांचा फोन आला. नागपूरला काचांवर भागलं होतं, मुलीचं औषध सुरू झालं होतं. मी माफी मागितली. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

सरांशी दोनदा वाद घातल्यावर आता आमच्या फॉर्मवर संमतीची एक ओळ आली आहे. पण नवा कंट्रोल जुन्याच ठोकळ्यांतून घ्यायचा होता, आणि त्यातल्या कोणालाच कधी विचारलेलं नव्हतं. रजिस्टरमध्ये नंबरांसमोर नावं होती. दोन दिवस माझ्याच्यानं एकही निवडवेना. शेवटी सरांनीच एका नंबरवर बोट ठेवलं. काप मीच घेतला. रंग चांगला लागला.