मनगटाखालचा हात

धुळ्याला देवपुरातल्या आमच्या आयटीआयमध्ये मी शिवणकाम शिकवते. भिंतीपलीकडे चुडामण सरांची वेल्डिंगची शेड. आठवी पासवर प्रवेश देणारे ट्रेड मोजकेच, म्हणून ज्यांना कुठेच जागा मिळत नाही ते सगळे सरांच्या पदरात. कुणी दहावीला आपटलेला, कुणी शाळा सोडून केळीच्या गाड्या भरलेला. ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही’ हे ऐकून ऐकून त्यांनाही ते पटलेलं असे. आमचे प्राचार्य त्या शेडला पांजरपोळ म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. दुसरं कुणी हसायचं नाही, पण त्याने त्यांचं काही अडत नसे.

सर सोनगीरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. गोऱ्ह्याला औताची सवय लावायची तर त्याला जुन्या बैलाशेजारी जुंपतात, तेच त्यांनी शेडमध्ये आणलं. थोडं जमू लागलेल्या मुलाच्या जोडीला अजिबात न जमणारा द्यायचा. कच्च्याचा हात थरथरला की पक्क्याने मागून जाऊन त्याच्या मनगटाखाली आपला तळहात धरायचा. बोलायचं नाही, हिणवायचं तर नाहीच. हात स्थिर झाला की काढून घ्यायचा. मी आधी नाक मुरडलं होतं. मग ठिणगी उडाली की मागे सरणारी मुलं नीट जोड मारताना पाहिली आणि गप्प बसले.

गेल्या वर्षी कुंदनच्या जोडीला सुपडू होता. कुंदन स्वतः सुरुवातीला असाच कुणाच्या तरी हातावर शिकलेला. सुपडू लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप, पोरांमध्ये बसायला लाजायचा. कुंदनसाठी जळगावच्या एका पाइप कारखान्यात जागा धरून ठेवली होती. अट एकच, पहिल्याच परीक्षेत पास व्हायचं. त्याच्या आईने, बेबाबाईने, गावभर सांगूनही टाकलं होतं.

परीक्षेला बाहेरचे साहेब आले. कुंदनने आपला जोड मारला, वरची खपली ठोकून काढली, ब्रश फिरवला. काम झकास झालं होतं, मी दारातून पाहिलं. शेजारी सुपडूचा रॉड पुन्हा पुन्हा पत्र्याला चिकटत होता. कुंदन उठला, मागून गेला आणि सुपडूच्या मनगटाखाली हात धरला. चोरून नाही, घाईनेही नाही. रोज जात होता तसाच गेला.

साहेबांनी दोघांनाही बाहेर काढलं. कुंदनला आधी कळेचना काय झालं ते. मग म्हणाला, “त्याना हात थरथरी राहिंता, सर.”

सर साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. “साहेब, तो हात माझा आहे. मी शिकवला त्याला,” एवढंच बोलले. साहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. त्यांचं खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त संताप आला.

मी सरांना म्हटलं, वर अर्ज करा, भांडा, मी येते सोबत. ते वेल्डिंगची केबल गुंडाळत होते. गुंडाळून झाली, खुंटीला लावली. म्हणाले, “मॅडम, मला काही वाटतच नाहीये. वाईटसुद्धा नाही.” मी तरीही चार शब्द सुनावले. ते त्यांनी ऐकून घेतले आणि शेडचा पंखा बंद केला.

कारखान्याची जागा गेली. सुपडू पुन्हा आलाच नाही, केळीच्या गाड्यांवर परत गेला म्हणतात. नवी बॅच आली, तेव्हा सरांनी जोड्या लावल्या नाहीत. ज्याचं त्याने करायचं. कुणाचा हात थरथरला तर सर लांबूनच सांगतात, हात स्थिर ठेव. त्यातले काही जण दिवाळीनंतर यायचे बंद झाले. प्राचार्य मात्र खूश आहेत, शेडला शिस्त लागली म्हणतात.

कुंदनने परीक्षा पुन्हा दिली आणि पास झाला. परवा पेढे घेऊन आला. मी सरांपाशीच डबा उघडून बसले होते. सरांनी विचारलं, पेपर कसा गेला, जोड कसा बसला. सगळं नीट झालं म्हणाला. मग त्याने स्वतःहूनच सांगितलं की शेजारच्या पोराचा रॉड चिकटला होता, पोरगा रडायला आला होता.

“मी तिकडे देखं बी नही, सर,” कुंदन म्हणाला. “आते हात जात नही.”

शाबासकी मिळेल असं वाटून तो सरांच्या तोंडाकडे बघत राहिला. सर “बरं” म्हणाले. पेढा त्यांनी हातात घेतला होता, तो माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला आणि ते शेडमध्ये निघून गेले.