माहेरच्या डीएनएची डागडुजी

मी नेमकं कशावर संशोधन करते हे घरच्यांना समजावून सांगायची दुर्बुद्धी मला ऐन जेवताना सुचली. वरठीचं आमचं घर, रविवार दुपार, आणि मामाने लाखांदूरहून एसटीने आणलेल्या मरळ माशांचा झणझणीत रस्सा.

मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशींचा अभ्यास करते. पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात आणि त्यांच्यापाशी स्वतःचा इवलासा डीएनए असतो. वय वाढलं की त्यात चुका साचतात, पेशी थकतात आणि म्हातारपणी साधं पडसंही मुक्काम ठोकतं. इथवर सगळे माना डोलवत होते. मग मी म्हणाले, "हा डीएनए फक्त आईकडून येतो."

झालं! आई अर्ध्या ताटावरून उठली.

"फक्त माह्याकडून?"

"फक्त तुझ्याकडून. तुला तुझ्या आईकडून."

"म्हंजे आमच्या घरचा!" मामाने मांडीवर थाप मारली. तो डीएनए मामातही आहे, पण त्याच्या मुलांत उतरलेला नाही, हे मी मुद्दामच बोलले नाही. तोवर आईने उष्ट्या हाताने दोन्ही मावश्यांना व्हिडिओ कॉल लावला होता. माहेरची फुशारकी सुरू झाली की बाबा एरवी पाण्याच्या मोटारीचा विषय काढतात. त्या दिवशी त्यांना तेही सुचलं नाही. त्यांनी रश्श्याची वाटी हळूच बाजूला सरकवली.

"नाव माहं लावते, नाक माहं, राग माहा," ते म्हणाले. "अन् आतमंदी सारं हिच्याच घरचं? माहं काहीच नाही?"

मला आधी हसू आलं, मग त्यांचा चेहरा दिसला. त्यांना खरंच लागलं होतं. संध्याकाळची गाडी होती माझी, आणि बाबांना असं सोडून मी जाऊच शकले नसते.

"बाबा, पुरतं ऐका तरी! डीएनए तिकडचा आहे. पण त्याची नक्कल काढणारी, चुका दुरुस्त करणारी प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात. ती जनुकं निम्मी तुमची. मी तर त्या दुरुस्तीवरच काम करते."

बाबांनी आईकडे बोट दाखवलं.

"म्हंजे हिच्या माहेराची डागडुजी मी करून राहिलो?"

"निम्मी."

"तुह्या जलमापासून?"

"त्याच्याही आधीपासून."

"अन् मले कोनी सांगतलं बी नाही!" बाबा असे काही गरजले की फोनवरच्या मावश्याही खिदळायला लागल्या. बाबांनी वाटी पुढे ओढली आणि सगळ्यात मोठा तुकडा उचलला. मामाने हात जोडले, "भाऊजी, काम चांगलं करजा बरं!"

आई हसून हसून लाल झाली होती. पदराने तोंड पुसत ती एकदम म्हणाली, "मस्करी नोका करू. नीट करा. पोरगी म्हतारी होईन तवा आपन कोठी राहू पाहाले?"

बाबांनी तो मोठा तुकडा स्वतः न खाता माझ्या ताटात घातला.

"आपन नसू," ते म्हणाले. "काम चालूच राहीन."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. डोळे पुसायला हात वर नेला तर तो रश्श्याने माखलेला, म्हणून मी तशीच जेवत राहिले.