जागा सोड, नाव राहू दे

"हाय ना?"

घणसोलीतल्या माझ्या गाळ्याच्या दारात चपला काढायच्या, पण आत पाऊल टाकायचं नाही, आणि एवढंच विचारायचं, ही बाळारामकाकांची रीत. मी मान वर न करताच "आहे, काका" म्हणायचे. मग ते चपला घालून आपल्या गावच्या, तळवलीच्या वाटेला लागायचे. बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याचं काहीतरी माझ्याकडे गहाण पडलंय. होतं फक्त एक नाव. त्यांच्या बायकोचं.

मी लोकांना वेबसाइट बनवून देते. या धंद्यात बनवायला वेळ लागत नाही, समजावून सांगायला लागतो. डोमेनचे, म्हणजे वेबसाइटच्या नावाचे पैसे वेगळे, होस्टिंगचे, म्हणजे ती ठेवायच्या जागेचे वेगळे, आणि दोन्ही दरवर्षी. पहिल्या वर्षी भाव स्वस्त असतो, दुसऱ्या वर्षी वाढतो, आणि वाढला की शिव्या मला. तेच तेच बोलायचा मला अक्षरशः वीट आलाय.

काकांच्या पत्नी ठमाबाई घरी मसाला करायच्या. मिरची स्वतः एपीएमसी मार्केटात जाऊन, हातात मोडून बघून आणायच्या. नवऱ्यावरही भरवसा नव्हता. सुनेनं हट्ट धरला म्हणून 'ठमाबाई मसाले' या नावानं वेबसाइट झाली. वर्ष सरलं, मी बिल पाठवलं, आणि काका ते बिल घेऊन माझ्या अंगावर आले.

"नाव माज्या बायकोचा, आन् भाडा तुला कशाला देऊ गो?"

"मला नाही काका, नोंदणीवाल्या कंपनीला. नाव विकत मिळत नाही, मुदतीनं मिळतं. पैसे थांबले की ते सुटतं, मग कुणीही उचलतं. आणि फोटो, मजकूर जिथे ठेवलाय त्या जागेचं भाडं निराळं."

काकांनी बिल उलटसुलट करून पाहिलं. "म्हंजी नाव येगला, जागा येगली. मंग समाजला. आमची जागा गेली, पन तलवलीचा नाव हाय ना नाक्याच्या बोर्डावर."

सगळी शेती शहरासाठी सरकारी संपादनात गेलेल्या माणसाला मी आणखी काय समजावणार होते? गपचूप पावती केली.

पुढे ठमाबाई गेल्या. सून नोकरीला लागली, मसाला थांबला. वेबसाइटवर ऑर्डर येईना, पण ती तशीच राहिली. काकांचं 'हाय ना?' तेव्हापासून सुरू झालं. मुदत संपायच्या आधी रोख पैसे आणून द्यायचे, शिवाय अधूनमधून हे असं डोकावायचे.

एका वर्षी मात्र मोठ्या ऐटीत आले. "यंदा तुजा काम नाय. मीच भरला, फोनवरून."

मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. कुणा भामट्यानं फोन करून सांगितलं होतं, नाव जाणार, आत्ता पैसे पाठवा. यांनी पाठवले. मी खरी नोंद उघडली. तिथे एक रुपया पोचला नव्हता आणि मुदत आदल्याच दिवशी उलटली होती. असा संताप आला! घसा फोडून सांगायचं आपण, आणि पैसे द्यायचे भलत्याला.

"काका, मला विचारायला काय झालं होतं? मेले होते का मी?"

ते दाराची चौकट धरून उभे होते. "मंग आता तिचा नाव कोनाचा?"

"अजून कुणाचं नाही. थोडे दिवस सवलत असते. आत्ता भरलं तर राहील."

"मंग वरड मना, किती पन वरड. पन आदी भर."

मी भरलं. ओरडायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी आले तेव्हा चपला काढायलाही त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला. पहिल्यांदाच आत येऊन बसले. "त्या जागेचा भाडा आता बंद कर."

"होस्टिंग बंद केलं तर पान उघडणार नाही, काका. ठमाबाईंचा फोटोही दिसणार नाही."

"फोटू माज्या मोबाइलमदी हाय. नाव कुठं ठेवू?"

मी नोंदणीचं पान उघडलं.

"कायमचा नाय मिलत?"

"कायमचं कुणालाच मिळत नाही. एका वेळी फार तर दहा वर्षं."

"मंग दहा भर."

"अहो काका, दहा वर्षं म्हणजे..."

ते हसले. "मी नसन. तू हायस ना?"

गाळा सोडायचं माझं तेव्हा जवळपास ठरलंच होतं. या कामात आता जीव रमत नाही, खरं सांगायचं तर पार थकलेय. तरी "आहे" म्हणाले.

गेल्या महिन्यात सुनेचा फोन आला. "ताई, बाबा गेले हो. ती वेबसाइट बंद करून टाका ना. उगाच दरवर्षीचं टेन्शन."

"बंदच आहे. नुसतं नाव ठेवलंय. त्याचे पैसे ते भरून गेलेत."

"मग उघडलं तर काय दिसतं?"

"काहीच नाही."

मग ती म्हणाली, "नाही, मग नाव राहू दे."

गाळा अजून सोडलेला नाही. कुणी विचारायला येत नाही, पण संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी नोंद उघडून ते नाव शोधते. ते दिसलं की आता दाराकडे मान वर केल्याशिवाय "आहे" म्हणवत नाही.