बाईंची खुर्ची तळ्यावर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. फ्रीजमध्ये वाटीवाटीतून उरलेली भाजी साठते तसे ते साठत जातात आणि एक दिवस दार उघडलं की अंगावर येतात. आमच्या रविवारच्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपचं तसंच झालंय. गावाबाहेरच्या तळ्यावर पाहिलेले निम्मे पक्षी मी विसरले असेन, पण त्या तळ्यापर्यंत वाट करताना जे झालं ते विसरणं शक्य नाही. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे ऐकायला कोणी ना कोणी गिऱ्हाईक समोर असतंच. आज तुम्ही बसा!

* * *

आधी बाईंबद्दल सांगते. शिंदेबाई आमच्या प्राथमिक शाळेत होत्या. ग्रुप त्यांनीच सुरू केला. मला बगळा आणि बदक यापलीकडे काही कळत नव्हतं, तेव्हा त्यांनी शेजारी बसवून मला एकेक पक्षी दाखवला. मशीनपुढे वाकून माझं डोकं भणभणायचं, ते त्या तळ्यावर शांत व्हायला लागलं. हे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

मग बाई बाथरूममध्ये पडल्या. खुबा मोडला आणि घरात व्हीलचेअर आली. तळ्याची वाट म्हणजे चिखल आणि बाभळीचे काटे, तिथे खुर्ची कुठली जाणार! हिवाळ्यात आमच्याकडे चक्रवाक येतात, केशरी रंगाची मोठाली बदकं. ऊन तापलं की ती परत जातात. बाईंनी ग्रुपवर मेसेज टाकला, "मी खिडकीतून कावळे बघते आहे. तुम्ही चक्रवाक बघा. माझी काही तक्रार नाही."

असा मेसेज वाचल्यावर कोणाच्या घशाखाली चहा उतरेल का? बाईंना चक्रवाक जायच्या आत तळ्यावर न्यायचं, हे त्याच दिवशी ठरलं.

* * *

पहिला प्लॅन सुभेदारांचा. हे आमच्या ग्रुपमधले मिलिटरीतून रिटायर झालेले काका. कोतवाल पक्षी दिसला तरी सॅल्यूट ठोकतात.

"बर्फातनं मानसं उचलून आणलीत आमी. ह्यो चिखल काय घिऊन बसलाय? बाईंना बाजेवर बसवायचं आन चौघांनी खांद्यावर घ्यायचं!"

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सुभेदार, चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं. ती वेळ आली की पहिला निरोप तुम्हालाच धाडते!"

* * *

मग आम्ही सरपंचांकडे गेलो. मागितला रस्ता, मिळाला सिमेंटचा बाक! तोही तळ्याकडे पाठ करून बसवलेला. कारण बाकावर सरपंचांच्या वडिलांचं नाव होतं आणि ते रस्त्यावरून वाचता यायला हवं होतं.

मी म्हटलं, "आवं, पक्षी मागं हायत!"

"मग मान वळवा की! नाव काय पक्षी वाचनार हायत व्हय?"

मला लय राग आला होता. पण खरं सांगायचं तर नंतर वाटेवर टाकायला मुरमाचा ट्रॅक्टर याच माणसानं न मागता पाठवला. त्या दिवसापासून मी त्या बाकावर उलटी बसते, पण त्यांना नावं ठेवत नाही.

* * *

पक्षी बुजू नयेत म्हणून पाण्याजवळ आडोसा पाहिजे होता. सुभेदारांनी उसाच्या हिरव्यागार वाढ्यांची खोप बांधली. अशी झकास जमली की आत बसलेलं माणूस बाहेरून दिसायचं नाही. आता वाढे म्हणजे उसाचे शेंडे, जनावरांचा लाडका चारा. आम्ही सगळे ऊसवाल्यांच्या घरातले, पण त्या वेळी एकालाही हे आठवलं नाही!

रविवारी आम्ही आत श्वास रोखून बसलो. थोड्या वेळानं भिंत हलायला लागली.

"हलू नगा," सुभेदार कुजबुजले. "कायतरी मोठं हाय."

होतंच! भिंतीतून म्हशीचं तोंड आत आलं. मागून तिची मालकीण सुंदरामावशी ओरडत आली, "आवं, तुमी आत काय करताय? तिला खाऊ द्या की निवांत!"

म्हशीनं खोप संपवली. दुसऱ्या दिवशी सुंदरामावशीनं घरची जुनी हिरवी शेडनेट आणून माझ्या मशीनवर टाकली. मी ती शिवून दिली. आजही तोच आडोसा आहे.

* * *

सगळ्यात अवघड होता बांध. वाट त्याच्यावरूनच काढावी लागणार होती. एका बाजूला संपतआबांचं रान, दुसऱ्या बाजूला वसंतबापूंचं. सख्खे भाऊ. बांध कोणाचा यावरून कोर्टात केस आणि बोलणं कित्येक वर्षं बंद. भीत भीत आम्ही आधी आबांकडे गेलो.

"बांध माजा हाय," आबा म्हणाले. "बाईंनी शिकवलंय मला. दिला!"

संध्याकाळी बापू तणतणत माझ्या दुकानात.

"त्यो कोन देनार? बांध माजा हाय! मला इचारलं का कुनी?"

झालं, मला वाटलं, गेला रस्ता!

"मी देतो!" बापू गरजले. "आन माज्या रानातलं हातभर जास्त देतो!"

ते आबांना कळलं. सकाळी त्यांनीही आपल्या बाजूची सरी मोडून वाटेला दिली. आम्हाला पाहिजे होती पायवाट, झाला चांगला गाडीरस्ता! केस मात्र अजून चालू आहे.

* * *

आणि मग तो रविवार. मुरूम पसरून झाला होता. बाई इरकल साडी नेसून खुर्चीत. मी ढकलत होते, पुढे सुभेदार. आबा आणि बापू आपापल्या रानातून दोन बाजूंनी चालत होते. पाण्याच्या पाटाशी चाक अडकलं.

"बाई, त्येला म्हनावं, तिकडनं उचल," आबा म्हणाले.

"वसंता, तिकडून उचल म्हणतोय."

"ऐकलं मी. त्येला म्हनावं, मला शिकवू नगंस."

"संपत, त्याला शिकवू नकोस."

खुर्ची उचलली गेली. आम्ही आडोशाला पोचलो. समोर पाण्यात चक्रवाकांचा थवा, कोवळ्या उन्हात नुसता केशरी. माझे डोळे भरून आले. सुभेदारांनी बाईंसाठी दुर्बीण काढली, ती मधल्यामध्ये बापूंनी घेतली.

"आयला! काय रंग हाय!"

आबा दोन पावलं जवळ आले. मग त्यांनी हात पुढे केला.

"आन हिकडं."

बापूंनी दिली.

"कुटं हाय रं?"

"तिकडं न्हवं! त्या दगडाच्या अंगाला. दिसली का?"

"थांब की! दिसली. आरं, जोडी हाय!"

"बघू, बघू!"

दुर्बीण ह्या हातातून त्या हातात फिरायला लागली. बाई मधे खुर्चीत, दोघा भावांकडे बघत. शेवटी मी दुर्बीण मागायला पुढे झाले, तर बाईंनी माझं मनगट धरलं.

"बाई, पक्षी उडून जातील की!" मी कुजबुजले.

"जाऊ देत," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी येऊ. आता रस्ता झालाय!"