कोळशाच्या गाडीचा शेवटचा डबा

रघुनाथ गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. बातमीखाली फोटो होता : लालचुटुक रंगवलेल्या गार्डच्या डब्याच्या दारात रघुनाथ उभा, तोंड आंबट. त्याच्या मुलाला, सचिनला, बापाचा नेमका हाच फोटो सापडावा... मला दुःखाआधी चीड आली, हे लिहूनच टाकतो.

आम्ही दोघं भोर तालुक्यातले. तो उत्रोलीचा, मी वरव्याचा. तालुक्यात रुळाचा तुकडा नाही आणि आमची नोकरी गेली विदर्भात, कोळशाच्या मालगाडीमागच्या डब्यात. आता गार्डाला म्हणे मॅनेजर म्हणतात. म्हणोत बापडे. तो डबा कुणाचाच नसायचा, हे खरं दुखणं. पाळी संपली की उतरायचं, डबा पुढच्याच्या गळ्यात, मग झाडणार कोण? पुढच्या वाघिणींतून, म्हणजे मालाच्या उघड्या डब्यांतून, उडणारी भुकटी सगळी आमच्या अंगावर. पावसाळ्यात गंजक्या छतातून काळं पाणी ठिबकायचं. खिडकीची काच गेलेली, दार सुतळीनं बांधलेलं, बाक मोडका. आणि संडास... त्यात पाणी मी कधी पाहिलं नाही, बाकी सगळं पाहिलं. रघुनाथ चढला की आधी घरून आणलेला खराटा काढायचा. "म्होरं बी मानूसच चढनार हाय न्हवं?" म्हणायचा. तोच डबा पुन्हा वाट्याला आला, तर त्यानं झाडलेल्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. असली आमची माणसं.

दोन वर्षांपूर्वी वेल्ह्याकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं मोडीतला असाच डबा आणून उभा केला. सचिन तिथंच नोकरीला. मालकाला फीत कापायला खरा गार्ड हवा होता, सचिनला मालकापुढं बाप मिरवायचा होता. रघुनाथनं मलाही सोबत नेलं. आत पडदे, गादी, संडासाला चकचकीत फरशी. मालक म्हणाला, "आजोबा, पाहुण्यांना सांगा, काय राजेशाही दिवस होते ते." रघुनाथनं तिथला नळ सोडून पाहिला, बंद केला. "आमी घानीत बसायचो," तो म्हणाला. "जनावर बी बसलं नसतं. तुमी रंग दिला, लई चांगलं केलं. पन राजेशाही म्हनू नका." पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले. परतताना सचिन बापावर उखडला. "येवढं वाईट असतं तर घरी कदी बोलला असता की तुमी. मुद्दाम माझी इज्जत घालवली." पुढं बापलेकांत कामापुरतंच बोलणं उरलं. रघुनाथला कुणाकडून काही नको होतं, फक्त पोरानं आपलं खरं मानावं, एवढंच. ते ऐकायच्या आतच तो गेला.

तेराव्याला उत्रोलीला गेलो. मालकानं त्या डब्यात रघुनाथचा फोटो लावलाय, खाली 'राजेशाही प्रवासाचा साक्षीदार' असं लिहिलंय, हे सचिननं मला कौतुकानं सांगितलं. मला शिसारी आली. पंगतीत तो माझ्या समोरच बसला होता. उजव्या हातानं जेवत होता आणि डावा पंजा ताटावर आडवा धरलेला, झाकण ठेवावं तसा. घरात ना वारा, ना धूळ.

"असा का जेवतोस रे?" मी विचारलं.

"सवय, काका. बाबा असंच जेवायचे. आमच्यात समदेच असं जेवत्यात."

मग मी त्याला सांगितलं, की कोळशाच्या गाडीत असा हात धरला नाही, तर तोंडापर्यंत जाईस्तोवर घास काळा व्हायचा. सचिन आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिला. तो हात त्याला ताटावरून काढता येईना.