सात नंबरचा बिल्ला

माझी लेखणी शाळा सुटल्यापासून हिशेबाच्या वहीपलीकडे गेलेली नाही. हे लिहावं की नाही याचाच विचार मी दोन महिने केला. पण भावोजींबद्दल मागे काहीतरी राहावं, असं ताईला वाटतं, आणि तिला नाही म्हणणं मला लहानपणापासून जमलेलं नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या शहरातून क्रूझची जहाजं सुटतात. प्रवासी सकाळी येऊन पोहोचतात, जहाज सुटतं संध्याकाळी पाचला. मधले पाच-सहा तास या लोकांचं काय करायचं? तर भावोजी त्यांना टूर कंपनीच्या बारा सीटच्या व्हॅनमध्ये घालून शहर दाखवत. घड्याळाचा मनोरा, फुलांचा बाजार, टेकडीवरचा कठडा, मग जेवण, मग बंदर. एकतीस वर्षं हेच केलं. रस्ते एकेरी झाले, पूल नवे झाले, ट्राम बंद पडून पुन्हा सुरू झाली, पण त्यांचा क्रम बदलला नाही. टेकडीवर ते प्रत्येक वेळी सांगत, "फोटो काढून घ्या. उद्यापासून सगळ्या फोटोंत पाणीच येणार आहे."

त्यांची एक पद्धत होती. समोरच्या काचेच्या वर बारा खिळे आणि त्यांवर बारा पितळी बिल्ले, एक ते बारा. जेवायला उतरताना प्रत्येकाने आपल्या सीटचा बिल्ला घ्यायचा, परत चढताना भावोजींच्या हातात द्यायचा. बाराही खिळे भरले की गाडी सुरू. माणसं मोजताना चूक होते, बिल्ले मोजताना होत नाही, असं ते म्हणत. बंदरावर त्यांना सगळे बिल्लेवालेच म्हणायचे. पहिली बारा वर्षं एकही माणूस मागे राहिला नाही.

मग तो दिवस आला. गाडी भरलेली होती. सात नंबरवर एक बाई होत्या, साठीच्या आसपासच्या, आणि आठवर त्यांचे यजमान. बाईंचा चष्मा जाड होता. जेवायला उतरताना यजमान म्हणाले, "चष्मा राहू दे गाडीत, डोळ्यांना जरा आराम दे. मी आहे ना." त्यांनी बाईंचा हात धरून त्यांना आत नेलं. हे भावोजींना नीट आठवत होतं, कारण तेव्हा त्यांना ते पाहून बरं वाटलं होतं.

जेवण झालं. लोक परत आले. गर्दीत त्या गृहस्थांनी भावोजींच्या तळहातावर बिल्ले ठेवले, सात आणि आठ. भावोजींनी ते खिळ्यांवर अडकवले, वर बघितलं, बाराही खिळे भरलेले. त्यांनी गाडी काढली. मागे वळून बघितलं नाही. कशाला बघतील? बघावं लागू नये म्हणूनच तर बिल्ले केले होते.

बंदरावर माणसं उतरली. फाटकावरचा पहारेकरी हातातल्या यंत्राची कळ दाबत माणसं मोजायचा. त्याने बारा आकडा दाखवला. भावोजींनी गाडी बाजूला लावून झाडायला घेतली, आणि सात नंबरच्या समोरच्या जाळीत त्यांना तो चष्मा दिसला. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ते गाडी वळवून जेवणघराकडे निघाले.

तिथला वेटर त्यांचा जुना माणूस. तो म्हणाला, "खिडकीपाशी बसल्यात ना बाई. हे गाडी आणायला गेलेत म्हणाल्या. आत्ताच चहा मागितलाय त्यांनी." कप अजून त्याच्या हातातल्या ट्रेमध्येच होता. दोघे खिडकीपाशी गेले. खुर्ची जराशी मागे सरकलेली, रुमाल घडी करून ठेवलेला. बाई नाहीत. पुढच्या दाराशी मालकीण बसलेली होती, मागचं दार स्वयंपाकघरातून. कोणीही बाहेर गेलेलं नव्हतं. ते सगळीकडे शोधत असतानाच पाचचा भोंगा झाला.

पुढे जे झालं ते मला आजही सरळ वाटत नाही. भावोजी जहाजाच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने यादी काढली. नवरा-बायको, दोघंही चढलेली. दोघांच्याही नावापुढे खूण.

"अहो, पण बाई राहिल्यात," भावोजी म्हणाले.

"राहिल्या असत्या तर आकडा अकरा आला असता. बारा आलाय. कोणी हरवलेलंच नाही, तर शोधायचं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी भावोजी चष्मा घेऊन माझ्याकडे आले. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम चाळीस वर्षं केलं. त्यांना वाटलं, काचेवरून माणूस सापडेल. मी नंबर मोजायच्या यंत्रावर चष्मा लावला. दोन्ही डोळ्यांचा वजा अकरा. आणि मग मी एक वाक्य बोललो, जे बोलायला नको होतं. मला फारसं बोलता येत नाही, आणि जेव्हा बोलतो तेव्हा असं होतं. मी म्हणालो, "या चष्म्याशिवाय त्या बाईंना टेबलापलीकडचं काही दिसणार नाही. कोणी जवळ जाऊन हात धरेपर्यंत त्या तिथून हलणार नाहीत."

भावोजींनी चष्मा रुमालात गुंडाळला आणि गेले.

तेव्हापासून एकोणीस वर्षं सात नंबरच्या सीटवर त्यांनी कोणाला बसू दिलं नाही. कंपनीच्या कचेरीत सांगितलं, स्प्रिंग तुटली आहे. जहाज सुटायच्या प्रत्येक दिवशी ते खिडकीपाशी एक चहा ठेवायला लावत, कपाशेजारी सात नंबरचा बिल्ला ठेवत, आणि निघताना त्या रिकाम्या खुर्चीजवळ वाकून हळूच म्हणत, "गाडी आली आहे." थोडं थांबत. मग बिल्ला उचलून परत खिळ्यावर न लावता खिशात टाकत. त्यामुळे सातवा खिळा कायम रिकामा.

ताईला सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, "एकोणीस वर्षं परक्या बाईला चहा. माझ्यापुढे कधी पाण्याचा पेला सरकवला नाही यांनी." पण असं म्हणून ती त्यांच्या शर्टाच्या खिशातला बिल्ला काढून ठेवायची, शर्ट धुवायची आणि इस्त्री केलेल्या शर्टाच्या खिशात बिल्ला परत घालायची.

या वर्षी कंपनीने लहान व्हॅन बंद करून मोठ्या बस घेतल्या. भावोजींची शेवटची फेरी ठरली. आदल्या दिवशी ताईचा फोन आला. "तू उद्या यांच्याबरोबर जा."

"मी जाऊन काय करू?"

"काही करू नकोस. तुला तेवढं छान जमतं. नुसता बरोबर राहा. काल झोपेत म्हणत होते, आज नाही आल्या तर उद्यापासून त्यांना न्यायला कोण येणार? मला भीती वाटते. हे तिथेच बसून राहतील, माणसं गाडीत ताटकळतील आणि जहाज निघून जाईल. एकतीस वर्षांचं नाव शेवटच्या दिवशी धुळीला मिळेल."

सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. भावोजी खाली गाडी पुसत होते. ताई मला डबा देत होती, आणि उघड्या कपाटात वरच्या खणात मला तो रुमाल दिसला.

"हा चष्मा इथेच असतो?" मी विचारलं.

"एकोणीस वर्षं. जीवापाड जपलाय. हात लावू देत नाहीत."

मी तिथेच उभा राहिलो. बिल्ला ठेवतात, चहा ठेवतात, आणि चष्मा कपाटात. ज्या बाईला टेबलापलीकडचं दिसत नाही, तिला पितळेचा बिल्ला दिसणार कसा, आणि दाराबाहेरची गाडी दिसणार कशी? जपण्याच्या नादात त्यांनी तिचे डोळेच घरी कोंडून ठेवले होते. आणि मी जन्मभर चष्मे करणारा माणूस, एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, की चष्मा ठेवता कुठे? मी दांडीचा स्क्रू आवळला, काचा पुसल्या आणि चष्मा खिशात घातला.

गाडीत सहा प्रवासी होते. मी पुढे भावोजींच्या शेजारी. माझ्या मागे सहा नंबरवर एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या, बोलघेवड्या. सात नंबरवर त्यांनी आपली मोठी पिशवी ठेवली होती.

"ही जागा रिकामी का हो ठेवलीत?" त्यांनी विचारलं.

"बुक आहे," भावोजी म्हणाले.

"मग माणूस कुठाय?"

"उशीर झालाय त्यांना."

"किती?"

"जरा जास्तच."

मनोरा झाला, बाजार झाला. टेकडीवर भावोजी फोटोचं वाक्य बोलायला विसरले. मी आठवण करणार होतो, पण राहून गेलं.

जेवणघर मी पहिल्यांदाच बघत होतो. लांबट खोली, दहा टेबलं, भिंतीला लावलेले आरसे. सगळे सूप आणि मासे खात होते, मास्तरीणबाई मीठ कमी असल्याचं सांगत होत्या. वेटर आता म्हातारा झाला होता. न सांगता त्याने खिडकीपाशी चहा नेऊन ठेवला. भावोजींनी बिल्ला ठेवला. मी उठलो, खिशातला चष्मा काढला, दांड्या उघडून कपाच्या पलीकडे ठेवला, खुर्चीवरच्या माणसाने हात पुढे केला तर सहज लागेल असा. भावोजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"मला सुचलं कसं नाही रे," ते म्हणाले.

"मलाही आजच सुचलं, भावोजी."

आम्ही परत आमच्या टेबलावर येऊन बसलो. तिथून खिडकी दिसत होती. चहाची वाफ चष्म्याच्या काचांवर धरली, काचा पांढऱ्या झाल्या. यात काही नवल नाही. काच थंड असली की वाफ धरते, हे मला कोणी शिकवायला नको. काचा दोन्ही बाजूंनी सारख्या निवळतात, हेही मला माहीत आहे. या तशा निवळल्या नाहीत. प्रत्येक काचेवर मधोमध एक गोल आधी साफ झाला, अंगठ्याने पुसल्यासारखा. मग वेटर मध्ये आला, आणि तो बाजूला झाला तेव्हा टेबलावर फक्त कप होता.

निघायची वेळ झाली. भावोजी खुर्चीजवळ वाकून म्हणाले, "गाडी आली आहे." मग टेबलाकडे बघून मला म्हणाले, "बिल्ला आणि चष्मा तू घेतलास ना?"

मला वाटलं होतं, त्यांनी घेतले. मी हो म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे. त्यांना तिथून हलवायचं, एवढंच डोक्यात होतं. वेटर कप उचलायला आला. कप रिकामा होता. त्याने तो उलटा करून बघितला आणि आत घेऊन गेला.

दाराशी गर्दी झाली. हात पुढे येत होते, भावोजी बिल्ले घेत होते आणि न बघता एकेक अडकवत होते, एकतीस वर्षांच्या सवयीने. मी पुढे बसलो होतो. मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "थांबा हं, पिशवी घेते मांडीवर. बसा, नीट बसा." मी मागे बघितलं नाही. समोर काचेच्या वरही बघितलं नाही. मी रस्त्याकडे बघत राहिलो. भावोजींनी मात्र वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गाडी सुरू केली, आणि इतकी हळू चालवली, की मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या.

बंदरावर त्यांनी स्वतः उतरून दार उघडलं. सहाजण उतरले. मास्तरीणबाई सगळ्यांत शेवटी, पिशवी छातीशी धरून. सगळे फाटकाकडे निघाले तरी भावोजी दार धरून उभेच होते. म्हणाले, "सावकाश. पायरी उंच आहे." आणि आपला हात पुढे केला, कोपरात जरा वाकवून. ते तसेच फाटकापर्यंत चालत गेले, दुसऱ्या कोणाच्या तरी चालीने, लहान लहान पावलं टाकत.

मी गाडीपाशीच थांबलो. पहारेकरी विडा चघळत कळ दाबत होता, माणसांकडे नीट बघतही नव्हता.

"सात," तो म्हणाला.

"सात," भावोजी म्हणाले, आणि हात खाली घेतला.

मग मी वर बघितलं. सातव्या खिळ्यावर बिल्ला होता आणि थोडा हलत होता. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं.

संध्याकाळी भोंगा ऐकूनच आम्ही गाडी कंपनीच्या आवारात लावली. भावोजींनी बाराही बिल्ले खिळ्यांवर तसेच सोडले. घरी आल्यावर ताईने माझ्याकडे बघून विचारलं, "जेवले का सगळे नीट?"

"सगळे जेवले," भावोजीच म्हणाले. त्यांनी माठातलं पाणी एका पेल्यात ओतलं, तो पेला तिच्यापुढे ठेवला आणि आत जाऊन झोपले. ताई त्या पेल्याकडे बघत बसली. ती ते पाणी लगेच प्यायली नाही.

ते आता बरे आहेत. दुपारी झोपतात, झोपेत बोलत नाहीत. माझं मात्र तसं नाही. त्या पहिल्या दिवशी फाटकावर आकडा बारा आला होता, आणि बाई तर मागे राहिल्या होत्या. मग त्या गृहस्थांच्या शेजारून, त्यांच्या बायकोच्या नावावर जहाजात चढलं ते कोण? भावोजींना मी हे विचारणार नाही. एक वाक्य बोलून एकोणीस वर्षं मी बघितली आहेत.

दुसरी काळजी माझ्या धंद्यातली आहे, हसाल कदाचित. नंबर इतकी वर्षं तसाच राहत नाही. मी स्क्रू आवळला, काचा पुसल्या, पण नंबर जुनाच राहिला. त्या आता जहाजावर असतील, तर त्यांना समोरचं नीट दिसत असेल का, आणि त्यांच्या खोलीत आधीपासून कोण बसलं आहे ते ओळखू येत असेल का?