सहदेवभाऊंची गाडी आणि बोअरचं पाणी

धाडच्या सहदेवभाऊंना सकाळचा चहा द्यायचा तर आधी त्यांना गाडीला पाणी पाजू द्यावं लागतं, हे सिंधूताईंना लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. त्यांचा बाप गाडीच्या बैलांना पाणी दाखवल्याशिवाय तोंडात गुळाचा खडा टाकत नसे. लेकाच्या दारात बैलांऐवजी जीप आली, एवढाच काय तो फरक. घरच्या बोअरचं तांब्याभर पाणी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये ओतायचं, अगदी मनोभावे! जुन्या जीपला हे बावीस वर्षं चाललं. ती होतीच जागोजागी गळकी.

तीन वर्षांपूर्वी सवारी वाहायला नवी दहा सीटर जीप आली. तिच्या टाकीत इंजिन थंड ठेवणारं गुलाबी कूलंट होतं. सहदेवभाऊ म्हणाले, "हे सरबत कायले पाह्यजे? पाणी ते पाणी!" झालं. पातळी बोटभर उतरली की तांब्या हाजीर. आता याच बोअरच्या पाण्यानं घरच्या पातेल्यांवर पांढरा थर बसतो. सिंधूताई तो लिंबू लावून लावून घासतात, तेही यांच्या डोळ्यांदेखत. पण इंजिनाच्या पोटातही तसंच होत असेल, हे डोक्यात शिरायला नको का भल्या माणसाच्या!

एप्रिलातल्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी बुलडाण्याच्या रस्त्यावर, चढाला, तापमानाचा काटा लालमध्ये गेला. बॉनेटमधून वाफ निघाली. सहदेवभाऊंनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, सवारी दुसऱ्या जीपमध्ये बसवली आणि अविनाश मिस्त्रीला फोन लावला.

अविनाश मोटारसायकलवर आला. भाऊ झाकणाकडे हात नेतात तोच ओरडला, "हात नका लावू! उकळतं पाणी तोंडावर उडीन. थंडी होऊ द्या."

तासभर दोघं लिंबाखाली बसले. सहदेवभाऊ बॉनेटवरून नजर हलवत नव्हते. इंजिनाचं हेड तापून वाकलं असेल तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर घरात चूल कशावर पेटणार? वावर नाही, दुसरा धंदा येत नाही.

"अविनाश, मीच मारली का रे तिले?"

"आधी पाहू तं द्या."

गाडी थंड झाल्यावर त्यानं ऑईलची पट्टी ओढली. ऑईल दुधासारखं झालं नव्हतं, म्हणजे त्यात पाणी शिरलं नव्हतं. मग रेडिएटरमध्ये पाणी भरलं, झाकण उघडंच ठेवलं आणि गाडी चालू करायला लावली. "बुडबुडे थांबले नाई तं हेड गेलं समजा." भाऊ डोकावले. चार बुडबुडे आले. मग दोन. पाणी शांत झालं.

"वाचलं, भाऊ! तुम्ही लगेच बंद केली म्हणून वाचलं."

सहदेवभाऊ तिथंच धुळीत फतकल मारून बसले आणि हसता हसता रडायला लागले. कुणी पाहील याची लाजसुद्धा वाटली नाही त्यांना.

गाडी ओढून गॅरेजवर नेली. आतून गंजकं पाणी आणि पांढरे पापुद्रे निघाले. त्यातच रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट अडकून बंद राहिला होता. अविनाशनं सगळं धुऊन काढलं, थर्मोस्टॅट बदलला आणि बजावलं, "कूलंट रंग पाहून घेऊ नका. गाडीच्या पुस्तकात लिवलंय तेच घ्या. दोन जातीचे एकात मिसळू नका. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. आन् पातळी सारखी उतरून राह्यली तं भरत नका बसू, कुठं गळते ते दाखवा."

"हाव बाप्पा," सहदेवभाऊ म्हणाले. इतक्या नरमाईनं ते सासऱ्याशीही कधी बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी गाडी गच्च भरून तोच चढ. सहदेवभाऊंचा एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. काटा मध्यावरच, हलायचं नाव नाही. माथ्यावर पोचताच त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगला हात जोडले.

मागून मेथीची पिशवी सांभाळत तानुबाई करवादल्या, "काऊन थांबली रे गाडी? पुन्हा तापली का?"

"नाई मावशी," सहदेवभाऊ डोळे पुसत म्हणाले, "गाडी नाई थांबली. मी थांबलो."